कन्टिन्युअस डिलिव्हरीचे साधन आणताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

क्लाउडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेवर, कशी न्यावी, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : आजवर स्क्रिप्ट आणि हातकामावर चाललेले डिप्लॉयमेंट (नवी आवृत्ती चढवण्याचे काम) एखाद्या कन्टिन्युअस डिलिव्हरी साधनाकडे, म्हणजे ते आपोआप व वारंवार करणाऱ्या साधनाकडे, सोपवायचे असेल, तर काय निवडावे आणि सुरुवात कुठून करावी? सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची व त्यांच्या कंपन्यांची नावे न देता, येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (पुणे) : आमच्याकडे कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर ॲप्लिकेशन चालवणारी व सांभाळणारी व्यवस्था) वीसेक मायक्रोसर्व्हिसेस (मोठ्या सॉफ्टवेअरचे छोटे स्वतंत्र भाग) चालतात. जेन्किन्समध्ये (कोड आपोआप बांधणारे साधन) इमेज (चालवण्यास तयार पॅकेज) तयार होते आणि तेथीलच एक शेल स्क्रिप्ट ती प्रॉडक्शन क्लस्टरवर (मशीनच्या समूहावर) चढवते. ही स्क्रिप्ट लिहिणारे सहकारी आता कंपनीत नाहीत आणि तिला हात लावायला कोणी धजत नाही. स्पिनेकर, आर्गो सीडी आणि फ्लक्स अशी तीन नावे आमच्यापुढे आहेत. यांतले कोणते घ्यावे?

उत्तर : तिन्ही साधने मुक्त स्रोत आहेत आणि परवान्याचा खर्च तिन्हींत नाही, मात्र ती वेगवेगळ्या गरजांतून जन्मली आहेत आणि निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो. स्पिनेकर नेटफ्लिक्समध्ये तयार झाले. तेथे पूर्वी आस्गार्ड नावाचे साधन वापरात होते. त्याची जागा घेणारे स्पिनेकर नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले करण्यात आले. व्हर्च्युअल मशीनची आख्खी इमेज तयार करणे, नवा संच जुन्याच्या शेजारी उभा करून वाहतूक (वापरकर्त्यांच्या विनंत्या) त्याच्याकडे वळवणे, मधल्या टप्प्यावर माणसाची मंजुरी घेणे आणि हे सारे एकाहून अधिक क्लाउडवर करणे, ही कामे ते उत्तम करते. पण ते एक साधन नसून सुमारे दहा स्वतंत्र सर्व्हिसेसचा समूह आहे : वेबपडदा दाखवणारी डेक, कामांचा क्रम लावणारी ऑर्का, क्लाउडशी बोलणारी क्लाउडड्रायव्हर, इमेज बनवणारी रॉस्को, शिवाय गेट, एको, इगोर आणि इतर. हा समूह चालता ठेवण्यासाठी माणसे कायमची बाजूला काढावी लागतात. ज्यांचे अर्धे काम अजून व्हर्च्युअल मशीनवर आहे आणि ज्यांच्याकडे प्लॅटफॉर्मची वेगळी टीम आहे, त्यांनी स्पिनेकरचा विचार जरूर करावा. तुमचे सगळे काम कुबरनेटीसवर आहे, म्हणून तुम्ही तो भार उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरली दोन. फ्लक्स हे लंडनच्या वीव्हवर्क्स कंपनीने सुरू केलेले साधन. ‘गिटऑप्स’ हा शब्दही २०१७ मध्ये याच कंपनीने रूढ केला. प्रॉडक्शनवर काय चालायला हवे याचे पूर्ण वर्णन गिटमध्ये (फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) लिहून ठेवायचे आणि क्लस्टरमध्ये बसलेल्या साधनाने ते वर्णन व प्रत्यक्ष स्थिती यांची सतत तुलना करून फरक मिटवत राहायचे, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. आर्गो प्रकल्प ॲप्लाटिक्स या कंपनीत सुरू झाला आणि ती कंपनी २०१८ मध्ये इंट्यूइटने विकत घेतल्यानंतर आर्गो सीडी वाढले. फ्लक्स आणि आर्गो हे दोन्ही प्रकल्प क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशनकडे आहेत आणि दोघांनाही २०२२ च्या अखेरीस ‘ग्रॅज्युएटेड’ हा दर्जा मिळाला. संस्थेकडे मालकी असण्याचा अर्थ फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसला : वीव्हवर्क्स बंद पडली, तरी फ्लक्सचे काम इतर कंपन्यांतील लोकांनी पुढे चालू ठेवले. एकाच कंपनीच्या हातातले साधन निवडण्याआधी ही घटना लक्षात ठेवावी.

तुमच्या पत्रातले ‘हात लावायला कोणी धजत नाही’ हे शब्द वाचून आम्ही आर्गो सीडी सुचवतो. त्याच्या वेबपडद्यावर प्रत्येक सर्व्हिसचे पॉड (तिच्या चालू प्रती), सर्व्हिस, कॉन्फिगमॅप (सेटिंगच्या नोंदी) झाडासारखे मांडलेले दिसतात आणि कोणती गोष्ट गिटमधील वर्णनाशी जुळत नाही, हे ओळीनिशी दाखवले जाते. ज्या टीमला आपल्याच प्रॉडक्शनची भीती वाटू लागली आहे, तिला हे दिसणे फार मोलाचे असते. फ्लक्स आटोपशीर आहे, पण त्याच्याबरोबर स्वतःचा वेबपडदा येत नाही. टर्मिनलवर सहज वावरणाऱ्या लहान टीमला ते चांगले मानवते.

साधन कोणतेही घ्या, पहिले काम त्या स्क्रिप्टचे आहे. दोघांनी बसून ती ओळीओळीने वाचावी आणि ती इमेज चढवण्याखेरीज आणखी काय काय करते, ते लिहून काढावे. अशा स्क्रिप्टमध्ये कुठेतरी डेटाबेसचे मायग्रेशन (रचनेतील बदल) चालवले जाते, कुठे कॅशे रिकामी केली जाते, कुठे एखाद्या सर्व्हिससाठी साठ सेकंद थांबायचे असते आणि त्या साठ सेकंदांचे कारण कोणालाच ठाऊक नसते. हे सारे नव्या व्यवस्थेत कुठे जाणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय जुनी स्क्रिप्ट बंद करू नका.

प्रश्न (नाशिक) : आर्गो सीडी आणल्यावर जेन्किन्स काढून टाकायचे का? आणि पासवर्ड, प्रवेशाच्या गुप्त कळा (की) यांचे काय करायचे? तेही गिटमध्ये ठेवायचे का?

उत्तर : जेन्किन्स राहू द्या. कोड बांधणे, चाचण्या चालवणे आणि इमेज रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) ठेवणे ही त्याची कामे आहेत आणि आर्गो सीडी त्यांतले काहीच करत नाही. बदलायचे ते एवढेच की जेन्किन्सकडे असलेली प्रॉडक्शन क्लस्टरची कळ काढून घ्यायची. आजच्या पद्धतीत जेन्किन्स बाहेरून क्लस्टरमध्ये बदल ढकलते, त्यामुळे जेन्किन्समध्ये घुसलेला माणूस थेट प्रॉडक्शनमध्ये घुसतो. आर्गो सीडी क्लस्टरच्या आत बसून गिट वाचते. नव्या कमिटसाठी (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलासाठी) ते साधारण तीन मिनिटांनी एकदा पाहते आणि तेवढे थांबायचे नसेल तर वेबहुक (बदल होताच साधनाला कळवणारा संदेश) लावता येतो. जेन्किन्सची शेवटची पायरी आता फक्त एक कमिट असेल : कॉन्फिगरेशनच्या रिपॉझिटरीत (गिटमधील फाइलींच्या संग्रहात) इमेजचा टॅग (आवृत्तीची खूण) बदलणे.

ही रिपॉझिटरी कोडच्या रिपॉझिटरीपासून वेगळी ठेवा. एकत्र ठेवली तर टॅग बदलणाऱ्या कमिटमुळे पुन्हा बिल्ड सुरू होते आणि कोडचा इतिहास यंत्राने केलेल्या कमिटांनी भरून जातो. टेस्ट, स्टेजिंग (प्रॉडक्शनसारखीच तालमीची यंत्रणा) आणि प्रॉडक्शन यांच्यासाठी वेगळ्या ब्रँच (गिटमधील समांतर शाखा) न करता एकाच ब्रँचमध्ये वेगळे फोल्डर करा. ब्रँच केल्या की मर्ज करताना टेस्टमधल्या एखाद्या सेटिंगची किंमत प्रॉडक्शनमध्ये कधी शिरली हे समजत नाही. आणि इमेजचा टॅग ‘लेटेस्ट’ असा कधीही ठेवू नका. टॅगचे अक्षर बदलले नाही तर गिटमध्येही काही बदलले नाही, म्हणजे साधनाच्या दृष्टीने नवी आवृत्ती आलेलीच नाही. कमिटचा हॅश (गिटने त्याला दिलेली अनन्य ओळख) टॅग म्हणून वापरावा.

पासवर्ड उघड्या स्वरूपात गिटमध्ये ठेवायचे नाहीत. कुबरनेटीसमधील सीक्रेटची (गुप्त माहितीची) फाइल गूढ दिसते, पण ती केवळ बेस६४ मध्ये लिहिलेली असते आणि कोणीही ती क्षणात उलगडू शकतो. यावर दोन रुळलेले मार्ग आहेत. सील्ड सीक्रेट्स वापरले तर सीक्रेट क्लस्टरच्या सार्वजनिक कळीने बंद करून गिटमध्ये ठेवता येते आणि ते फक्त तोच क्लस्टर उघडू शकतो. एक्स्टर्नल सीक्रेट्स ऑपरेटर वापरला तर गिटमध्ये केवळ नाव राहते आणि खरी किंमत क्लाउडच्या सीक्रेट मॅनेजरमधून आणली जाते. क्लाउडचा सीक्रेट मॅनेजर आधीपासून वापरात असेल तर दुसरा मार्ग घ्यावा, कारण पासवर्ड बदलणे त्यात सोपे जाते. सील्ड सीक्रेट्स घेतल्यास क्लस्टरच्या खासगी कळीची प्रत सुरक्षित जागी ठेवायला विसरू नका. क्लस्टर गेला आणि कळही गेली, तर गिटमधील सगळी बंद सीक्रेट्स निरुपयोगी ठरतात.

प्रश्न (हिंजवडी) : आर्गो सीडी बसवून आम्हाला थोडेच दिवस झाले आहेत. एका रात्री अचानक मागणी वाढली म्हणून मी एका सर्व्हिसचे पॉड हाताने तीनवरून दहा केले. काही सेकंदांत ते पुन्हा तीन झाले. मी पुन्हा वाढवले, पुन्हा तेच. अर्धी टीम आता म्हणते की हे साधन आणीबाणीत आडवे येते, ते बंद करा. दुसऱ्या दिवशी ऑटोस्केलर (मागणीनुसार पॉडची संख्या बदलणारी सोय) लावला, तर त्याच्याशीही साधनाची ओढाताण सुरू झाली.

उत्तर : साधनाने त्याला सांगितलेलेच काम केले. तुमच्या डिप्लॉयमेंटच्या यॅमल फाइलमध्ये ‘रेप्लिकाज : ३’ अशी ओळ आहे आणि सेल्फ-हील (क्लस्टरमधील हाताने केलेले बदल आपोआप मागे फिरवणे) हा पर्याय चालू आहे, याचा अर्थ, कोणीही काहीही केले तरी तीनच पॉड ठेवा, असा लेखी आदेश तुम्ही देऊन ठेवला आहे. ऑटोस्केलर दहा करतो, आर्गो सीडी तीन करते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पॉडची संख्या ऑटोस्केलरने ठरवायची असेल तर गिटमधील फाइलमध्ये ती ओळच असता कामा नये.

ती ओळ काढताना मात्र सावध राहा. कुबरनेटीसमध्ये ही किंमत दिली नाही तर ती एक धरली जाते. त्यामुळे आधी असलेली ओळ काढून फाइल लागू केली की सर्व्हिस क्षणभर एका पॉडवर येऊ शकते आणि मग ऑटोस्केलर तिला पुन्हा किमान संख्येवर नेतो. वर्दळीच्या वेळी हे घडले तर एवढ्यानेही सर्व्हिस कोलमडते. कुबरनेटीसच्या अधिकृत दस्तऐवजातही या धोक्याची सूचना दिलेली आहे. म्हणून हा बदल आधी स्टेजिंगवर करून पाहावा आणि प्रॉडक्शनवर पहाटे, मागणी सर्वांत कमी असताना, दोघांनी लक्ष ठेवून करावा.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. सेल्फ-हील पहिल्याच आठवड्यात चालू करणे हे आमच्या मते घाईचे होते. साधन बसवायला एक दुपार पुरते. हाताने बदल करण्याची सवय मोडायला महिने लागतात आणि खरे काम तेच आहे. पायऱ्या अशा घ्याव्यात. प्रथम एखादी कमी महत्त्वाची सर्व्हिस निवडावी, तिचे वर्णन गिटमध्ये लिहावे आणि आर्गो सीडीला ती फक्त पाहू द्यावी. आपोआप काहीही लागू करण्याची परवानगी देऊ नये. पडदा लगेच ‘आउट ऑफ सिंक’ (गिटशी न जुळणारे) दाखवेल आणि ते फरक वाचणे हाच या टप्प्याचा सर्वांत मोठा लाभ असतो. कोणीतरी कधीतरी वाढवलेली मेमरीची मर्यादा, चाचणीसाठी बदललेला आणि तसाच राहिलेला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कोणाच्याही खात्यावर नसलेला क्रॉनजॉब (ठरावीक वेळी आपोआप चालणारे काम), अशा गोष्टी येथे उघड होतात. प्रत्येक फरकाबाबत एकदा निर्णय घ्यायचा : तो योग्य असेल तर गिटमध्ये लिहायचा, नसेल तर काढून टाकायचा.

फरक शून्यावर आले की काही आठवडे माणसाने बटण दाबून सिंक करावे, म्हणजे क्लस्टर गिटमधील वर्णनाप्रमाणे आणावा. मग आपोआप सिंक चालू करावे. त्यानंतर सेल्फ-हील. गिटमधून काढलेली वस्तू क्लस्टरमधूनही पुसणारा प्रून हा पर्याय सर्वांत शेवटी, कारण एखादे फोल्डर केवळ दुसरीकडे हलवले तरी साधनाला ते पुसल्यासारखे वाटू शकते. जेथे डेटा साठवलेला असतो त्या पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेमवर ‘प्रून करू नये’ अशी खूण कायमची लावून ठेवावी. आणखी एक गोष्ट टीममधील प्रत्येकाला सांगून ठेवा : वेबपडद्यावरून एखादे ॲप्लिकेशन डिलीट केले तर नेहमीच्या निवडीत केवळ आर्गो सीडीमधील नोंद जात नाही, त्या ॲप्लिकेशनच्या क्लस्टरमधील सर्व वस्तू, म्हणजे चालू सर्व्हिससुद्धा, पुसल्या जातात. फक्त नोंद काढायची असेल तर तसा वेगळा पर्याय निवडावा लागतो.

या सर्व पायऱ्या पार पडल्यावर प्रॉडक्शनवर हाताने लिहिण्याचा अधिकार सर्वांकडून काढून घ्यावा, वाचण्याचा ठेवावा. जोपर्यंत तो अधिकार शिल्लक आहे, तोपर्यंत साधन बसले आहे पण स्वीकारले गेलेले नाही, असे समजावे. आणीबाणीसाठी एक वेगळे खाते असावे, ते उघडले की संपूर्ण टीमला संदेश जावा, आणि ते वापरणाऱ्याने आधी त्या सर्व्हिसचे आपोआप सिंक थांबवावे, मग हात घालावा, आणि सकाळपर्यंत तोच बदल गिटमध्ये आणावा. तुमच्या त्या रात्री ही पद्धत ठरलेली असती तर पॉड दहावर टिकले असते.

प्रश्न (नागपूर) : नवी आवृत्ती बिघडली म्हणून आम्ही आर्गो सीडीमधून रोलबॅक करायला (जुन्या आवृत्तीवर परत जायला) गेलो, तर साधनाने नकार दिला. मग गिटमध्ये जुना टॅग लावला, पण जुनी आवृत्ती चालेचना, कारण मधल्या काळात डेटाबेसमधील एका स्तंभाचे नाव बदलले होते. मग या साधनाचा उपयोग काय?

उत्तर : येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली सोपी आहे. आपोआप सिंक चालू असलेल्या ॲप्लिकेशनवर आर्गो सीडी रोलबॅक करू देत नाही, कारण गिटमध्ये नवी आवृत्ती लिहिलेली असताना क्लस्टर जुन्यावर नेला तर पुढच्या तुलनेत तो पुन्हा नव्यावर आणावा लागेल. म्हणून मागे जायचे तेही गिटमधूनच : बिघडलेला कमिट रिव्हर्ट करावा (तो उलटवणारा नवा कमिट करावा). ही कृती रात्री झोपेतून उठलेल्या माणसालाही दोन-तीन मिनिटांत करता यावी, म्हणून स्टेजिंगवर तिचा सराव करून ठेवावा.

दुसरी गोष्ट खोल आहे आणि तिचे उत्तर कोणत्याही साधनात नाही. इमेज मागे नेता येते, डेटा मागे जात नाही. डेटाबेसचा बदल असा हवा की जुनी आणि नवी दोन्ही आवृत्त्या त्याच्यावर चालल्या पाहिजेत. तशीही कुबरनेटीसच्या रोलिंग अपडेटमध्ये काही मिनिटे जुने आणि नवे पॉड शेजारी-शेजारी चालतच असतात, त्यामुळे ही अट केवळ रोलबॅकपुरती नाही.

तुमचेच उदाहरण घेऊ. समजा स्तंभाचे नाव ‘मोबाइल’ होते आणि ते ‘संपर्क क्रमांक’ करायचे होते. नाव थेट बदलू नये. पहिल्या रिलीजमध्ये नवा स्तंभ केवळ वाढवावा आणि कोडने दोन्ही स्तंभांत लिहावे, वाचावे मात्र जुन्यातून. मग जुन्या नोंदी थोड्या-थोड्या करून नव्या स्तंभात भराव्यात. दुसऱ्या रिलीजमध्ये कोडने नव्यातून वाचायला लागावे, पण लिहावे अजून दोन्हींत. या टप्प्यावर बिघाड झाला तर निश्चिंतपणे मागे जाता येते. तिसऱ्या रिलीजमध्ये जुन्यात लिहिणे थांबवावे आणि काही दिवस सर्व सुरळीत आहे याची खात्री झाल्यावरच जुना स्तंभ काढावा. एका ओळीच्या बदलासाठी तीन रिलीज करणे अनेकांना जड वाटते. पण रिलीज करणे हेच जेथे स्वस्त आणि रोजचे झाले आहे, तेथे तीन रिलीज म्हणजे दोन-तीन दिवसांचे साधे काम आहे. डिलिव्हरीचे साधन येथे उपयोगी पडते.

घाईघाईने मागे जाणे किती महाग पडू शकते, याचे नोंदवलेले उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारातील एका नव्या योजनेसाठी तिने नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. हे काम हाताने केले गेले, आठवा सर्व्हर राहून गेला आणि कोणी दुसऱ्याने तपासावे अशी लेखी पद्धत नव्हती. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू करणारी खूण) पुन्हा वापरला होता; आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगमागे २००३ पासून न वापरलेला जुना कोड जिवंत होता. बाजार उघडला आणि त्या सर्व्हरने ऑर्डरींचा पाऊस पाडला. बिघाड सापडेना, तेव्हा कंपनीने उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, म्हणजे योग्य, कोड काढून टाकला. त्यामुळे तेथेही जुना कोड जागा झाला आणि नुकसान वाढले. सुमारे ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला, असे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मधील आदेशात नमूद केले आणि १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. त्या आदेशातील आणखी एक तपशील आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो : बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल आपल्याच लोकांना पाठवले होते, पण ते इशारे म्हणून पाठवलेले नव्हते आणि कोणी त्यांवर कृती केली नाही.

आठही सर्व्हर एकसारखे आहेत की नाहीत, ही तुलना आर्गो सीडीसारखे साधन न थकता करत राहते. कोणत्या स्थितीकडे परतणे सुरक्षित आहे, हे मात्र टीमलाच ठरवावे लागते. कॅनरी पद्धतीने, म्हणजे आधी दहा टक्के वाहतूक नव्या आवृत्तीकडे देऊन, प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनातील चुकांचे प्रमाण पाहून पुढे जायचे असेल तर आर्गो रोलआउट्स हा जोडप्रकल्प पाहावा. ज्या सर्व्हिसला मिनिटाला मोजक्याच विनंत्या येतात तेथे त्या दहा टक्क्यांतून काही निष्कर्ष निघत नाही. तेथे नीट लिहिलेला रेडिनेस प्रोब (पॉड विनंत्या घ्यायला तयार आहे का, ही तपासणी) आणि दोन-चार खऱ्या चाचण्या जास्त कामाच्या.

प्रश्न (मुंबई) : आम्ही वित्तीय क्षेत्रात आहोत. लेखापरीक्षक विचारतात की प्रॉडक्शनवरील प्रत्येक बदल कोणी सुचवला, कोणी मंजूर केला आणि तो केव्हा लागू झाला. गिटचा इतिहास दाखवला तर पुरेसे होईल का?

उत्तर : गिटचा इतिहास पहिल्या दोन प्रश्नांना चांगले उत्तर देतो, पण त्यासाठी मुख्य ब्रँच संरक्षित हवी : थेट पुश (बदल थेट चढवणे) बंद, फोर्स पुश (जुना इतिहास पुसून चढवणे) बंद, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याची मंजुरी सक्तीची, आणि हे नियम प्रशासकालाही लागू. प्रशासकासाठी सवलत ठेवली की इतिहासाचे पुरावामूल्य कमी होते.

‘केव्हा लागू झाला’ याचे उत्तर गिटमध्ये नसते. आर्गो सीडी आपल्या कृतींची नोंद कुबरनेटीसच्या इव्हेंटमध्ये करते आणि कुबरनेटीसच्या मूळ मांडणीत इव्हेंट एका तासानंतर पुसले जातात. परीक्षक सहा महिन्यांनी आले तर दाखवायला काही उरत नाही. म्हणून हे इव्हेंट, आर्गो सीडीचे लॉग आणि कुबरनेटीस एपीआयचा ऑडिट लॉग, तिन्ही क्लस्टरच्या बाहेर, टीमला पुसता येणार नाहीत अशा जागी पाठवावेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. सहा तासांत घटना कळवायची असेल तर शेवटच्या दिवसात काय बदलले हे काही मिनिटांत सांगता आले पाहिजे. त्यासाठी ही व्यवस्था आधीच लागलेली हवी.

साधनातील मूळ ‘ॲडमिन’ खाते बंद करा आणि कंपनीच्या सिंगल साइन-ऑनने (प्रत्येकाच्या एकाच वैयक्तिक लॉगिनने) प्रवेश द्या. सामाईक खात्यामागचा माणूस कोण, हे कोणताही लॉग सांगू शकत नाही.

प्रश्न (ठाणे) : गणेशोत्सव ते दिवाळी या काळात आमच्या ई-कॉमर्स ग्राहकांकडे मोठी विक्री असते, म्हणून त्या पूर्ण काळात प्रॉडक्शनवर बदल करण्यास मनाई असते. कन्टिन्युअस डिलिव्हरी आणल्यावर ही मनाई ठेवायची का? आणि साधनाने फायदा झाला हे व्यवस्थापनाला कसे दाखवायचे?

उत्तर : मनाई ठेवावी, पण ती विक्रीच्या दिवसांपुरती आखडावी. दीड-दोन महिने बदल अडवून ठेवले तर ते साचतात, दिवाळीनंतर एकदम बाहेर पडतात आणि काही बिघडले तर शेकडो बदलांतून दोषी शोधावा लागतो. आर्गो सीडीमध्ये सिंक विंडो नावाची सोय आहे. अमुक दिवशी अमुक वेळेत कोणत्या ॲप्लिकेशनना सिंक करू द्यायचे नाही, हे तीत लिहिता येते. पैसे घेणाऱ्या सर्व्हिसेसना विक्रीच्या दिवशी बंदी आणि अंतर्गत अहवालांच्या सर्व्हिसेसना मोकळीक, अशी विभागणी करावी. हाताने सिंक करण्याची मुभा वेगळी देता येते. ती तातडीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावी.

फायदा दाखवण्यासाठी चार मोजमापे रूढ आहेत : डिप्लॉयमेंट किती वेळा होते, कमिटपासून प्रॉडक्शनपर्यंत किती वेळ जातो, किती टक्के बदलांमुळे बिघाड होतो आणि बिघाड झाल्यावर सावरायला किती वेळ लागतो. साधन आणण्याच्या आधीचे आकडे आजच लिहून ठेवा, नंतर ते गोळा करता येत नाहीत. हे आकडे माणसांच्या मूल्यमापनाला मात्र जोडू नका. जोडले की बिघाड नोंदवलेच जात नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही दोघेच आहोत. सहकारी संस्थांसाठी हिशोबाचे एक वेब ॲप्लिकेशन चालवतो. ते क्लाउडवरील एका व्हर्च्युअल मशीनवर आहे. आम्हीही कुबरनेटीस आणि आर्गो सीडीकडे जावे का?

उत्तर : नाही. क्लस्टर सांभाळण्याचे काम तुमच्या दोघांचा निम्मा वेळ खाईल आणि तुमच्या ग्राहकांना त्यातून काहीच मिळणार नाही. गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅबमध्ये एक छोटी पाइपलाइन (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी) लिहा : चाचण्या चालाव्यात, कमिट हॅशचा टॅग असलेली इमेज तयार व्हावी, डेटाबेसची प्रत घेतली जावी, डॉकर कंपोझने (एका मशीनवर इमेज चालवणारे साधन) नवी आवृत्ती सुरू व्हावी, आणि लॉगिनचे पान उघडते की नाही हे तपासून ते न उघडल्यास आधीचा टॅग परत लागावा. कंपोझची फाइल आणि एनजिन्क्स या वेब सर्व्हरची मांडणी गिटमध्ये ठेवा, मशीनवर थेट काही बदलू नका. घेतलेल्या प्रतीवरून दुसऱ्या मशीनवर आख्खे ॲप्लिकेशन उभे करून पाहण्याचे काम दर तिमाहीला करा, आणि मार्चअखेरीच्या हिशोबाची धांदल सुरू होण्याआधी एकदा ते आवर्जून करा.